पट्टीवर न लिहिलेला खर्च

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातले शेतकरी माझ्या दारात उभे होते. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेले दोन कागद. मुलगी आयर्लंडला शिकायला गेलेली. विद्यापीठाच्या फीचा ५,००० युरोचा हप्ता यांनी बँकेतून पाठवला होता, आणि आठ दिवसांनी मुलीचा फोन आला की तिथे ४,९८२ युरोच जमा दिसतात. उरलेले १८ युरो भरल्याशिवाय नोंदणी पक्की होणार नाही. चहाचा कप तसाच बाजूला सारून त्यांनी विचारलं, "मंग त्या अठरा युरो कथा ग्यात, भाऊ?"

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. हा प्रश्न तिथेही ऐकला होता. पण तेव्हा समोर रांग असायची, आणि 'मधल्या बँकेचे चार्जेस असतात' एवढं सांगून मी पुढच्या माणसाकडे वळायचो. त्या सकाळी रांग नव्हती. आम्ही ओट्यावर बसून दोन्ही कागद ओळीओळीने वाचले, आणि ही पुस्तिका खरं तर तिथेच सुरू झाली.

पहिला कागद स्विफ्टची प्रत. स्विफ्ट ही बँकांनी बँकांना निरोप पाठवण्याची व्यवस्था आहे. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली. तिच्यातून पैसा जात नाही, फक्त 'अमुक खात्यातून तमुक खात्यात एवढे जमा करा' हा निरोप जातो. त्या निरोपाला क्रमांकाचे खण असतात. ३२ए या खणात ५,००० युरो स्वच्छ लिहिलेले होते. खाली ७१ए या खणात तीन अक्षरं होती: एसएचए. त्यांचा अर्थ असा की इथल्या बँकेचा खर्च पाठवणाऱ्याचा, आणि वाटेतला व पलीकडचा खर्च पैसे घेणाऱ्याचा. तिथे ओयूआर असतं तर सगळा खर्च पाठवणाऱ्याने उचलला असता, आणि बीईएन असतं तर सगळा घेणाऱ्यावर पडला असता. अर्जाच्या दुसऱ्या पानावर याची एक चौकट असते. यांच्या अर्जात ती कोरीच राहिली होती, म्हणून बँकेने नेहमीचं एसएचए टाकलं. १८ युरो त्या कोऱ्या चौकटीतून गेले. (नोव्हेंबर २०२५ पासून स्विफ्टच्या निरोपांचा साचा बदलला आहे आणि खणांची नावंही बदलली आहेत. खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न मात्र नव्या साच्यातही आहेच.)

दुसरा कागद खात्यातून पैसे वजा झाल्याचा. इथे आकडे सोपे करून लिहितो. दर ९२.३५ रुपये, म्हणजे ५,००० युरोचे ४,६१,७५० रुपये. बँकेचा चार्ज ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५९०. शिवाय चलन बदलून दिल्याचा जीएसटी ५०६ रुपये. एकूण दिसणारा खर्च १,०९६ रुपये. शेतकरीबुवांचा राग होता तो या हजार रुपयांवर आणि त्या १८ युरोवर.

मी त्यांना त्या दिवशीचा बाजारातला मधला भाव काढून दाखवला. तो ९०.१० होता. बँकेने लावलेल्या दरात आणि त्यात फरक सव्वादोन रुपयांचा. गुणिले ५,००० म्हणजे ११,२५० रुपये. हा आकडा दोन्ही कागदांवर कुठेच छापलेला नव्हता. हजार रुपये लिहून घेतले होते, सव्वाअकरा हजार न लिहिता. वाटेतले १८ युरो, म्हणजे १,६६२ रुपये, त्यात मिळवले की पाच हजार युरो पोचवायला चौदा हजारांवर खर्च आला. शेकड्याला तीन.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही तर खेडा खरेदी झाली."

त्यांच्या या एका वाक्याने जे समजावलं, ते मला वर्षानुवर्षं ग्राहकांना नीट सांगता आलं नव्हतं. खानदेशात कापूस पिकवणाऱ्या माणसाला खेडा खरेदी समजावून सांगावी लागत नाही. व्यापारी गाडी घेऊन दारात येतो. बाजार समितीत न्यायचं भाडं नाही, हमाली नाही, तोलाई नाही, पैसे रोख. सगळं फुकट वाटतं. खर्च असतो तो भावात. क्विंटलमागे कमी धरलेले शे-दोनशे रुपये कुठल्याच पट्टीवर दिसत नाहीत. म्हणून शहाणा शेतकरी 'हमाली किती?' असं आधी विचारत नाही. आधी विचारतो 'भाव काय?', आणि तो आज जिनिंगवर काय चालला आहे हे माहीत करून घेऊनच विचारतो.

तोच माणूस बँकेत गेला की भाव विचारत नाही, आणि मला मनापासून खटकतं ते हेच. क्विंटलमागे पंचवीस रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा बाप चार-पाच लाखांचे युरो घेताना समोरच्या कागदावर गप्प सही करतो. त्याला वाटतं, बँकेचा दर म्हणजे सरकारी दर. तसं मुळीच नाही. मार्च १९९३ पासून रुपयाचा भाव बाजारात ठरतो. प्रत्येक बँक रोज सकाळी आपला दरतक्ता काढते, त्याला कार्ड रेट म्हणतात. सराफाकडे जसा घ्यायचा भाव वेगळा आणि द्यायचा वेगळा, तसेच या तक्त्यातही परदेशातून आलेले पैसे रुपयांत बदलून देण्याचा दर वेगळा आणि परदेशी पाठवण्याचा दर वेगळा असतो. कार्ड रेट ही बोलणीची सुरुवात आहे. रक्कम मोठी असेल तर शाखेतून वरच्या कार्यालयाला फोन करून त्यापेक्षा चांगला दर मागता येतो. तो मिळतोही, पण मागावा लागतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता असला तरी मागायला हरकत नाही. कर्ज बँकेचं असलं तरी त्यावरचं व्याज आपणच भरणार आहोत.

मोबाइलवर दिसणारा मधला भाव आपल्यापैकी कुणालाही मिळत नाही, हेही इथेच सांगतो. तो बँका आपापसात मोठे सौदे करतात त्यातल्या घेण्या-देण्याच्या मधोमधचा भाव आहे. तो हातात धरायचा तो मोजपट्टी म्हणून. दोन बँका आणि एखादी पैसे पाठवणारी कंपनी यांचे दर एकाच तासात घ्यायचे, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: 'माझ्या खात्यातून सगळे मिळून किती रुपये जातील, आणि तिथे नेमके किती युरो पोचतील?' हे दोन आकडे मिळाले की 'झिरो फी'ची पाटी वाचायची गरजच उरत नाही.

आता त्या १८ युरोंकडे परत येतो, कारण मधली बँक म्हणजे काय हे पाचोऱ्यातल्या माणसाला फार सोपं करून सांगता येतं. आमची पीजे आठवा, पाचोरा–जामनेर नॅरोगेज. जामनेरहून मुंबईला निघालेला माणूस एका गाडीत बसून मुंबईला पोचत नसे. तिचे रूळ अडीच फुटांचे, मुंबई–भुसावळ मार्गाचे रुंद. पाचोऱ्याला उतरायचं, सामान उतरवायचं, दुसऱ्या फलाटावर न्यायचं. हमाल केला तर हमाली. ती गाडी २०२० मध्ये बंद झाली, पण तिच्या बदलाबदलीची सवय अजून अंगात आहे. रुपयाचंही तसंच. आपल्या तालुक्यातल्या शाखेचं डब्लिनच्या बँकेत खातं नसतं. बहुतेक शाखांत परकीय चलनाचं टेबलही नसतं. अर्ज जळगावला किंवा त्याहून मोठ्या कार्यालयात जातो. त्या बँकेचं युरोतलं खातं युरोपातल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं. निरोप आधी तिथे जातो, तिथून कधी आणखी एका बँकेत, आणि मग विद्यापीठाच्या बँकेत. प्रत्येक जंक्शनवर कुणीतरी सामान उचलतं आणि आपली हमाली मुद्दलातूनच काढून घेतं. दहा-पंधरा-वीस युरो. ५०० युरो पाठवा की ५,०००, हमाली जवळपास तीच. म्हणूनच छोट्या छोट्या रकमा वरचेवर पाठवणं महाग पडतं. त्या शेतकऱ्यांना राहिलेले १८ युरो पाठवायला बँकेचा चार्ज, त्यावरचा जीएसटी आणि चलनबदलाचा किमान ४५ रुपये जीएसटी धरून ६३५ रुपये आणखी लागले असते, आणि वाटेत पुन्हा काही कापलं गेलं असतं ते वेगळंच. शेवटी मुलीने ते तिथल्या तिथे तिच्या खात्यातून भरले.

चलनबदलाच्या जीएसटीबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात असं समजून एक गृहस्थ पाठवायचंच टाळत होते. तो कर रकमेवर नाही, चलन बदलून दिलेल्या सेवेच्या मानीव किमतीवर लागतो. एक लाखापर्यंत ही किंमत रकमेच्या एक टक्का आणि कमीत कमी २५० रुपये धरतात. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत हजार रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, आणि त्यापुढे ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेच्या शेकडा दहा पैसे. त्या किमतीवर १८ टक्के. लाखाला १८० रुपये, दहा लाखांना ९९०. पंचवीस हजारांपर्यंत ४५. एवढंच.

चलनाच्या भावाचा हा घोर आजचा नाही. १९२० ते १९२३ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत होते. त्याच काळात रुपया विलक्षण हेलकावे खात होता. १९२० च्या सुरुवातीला तो दोन शिलिंगांच्याही वर गेला होता, म्हणजे पौंडाला दहा रुपयेसुद्धा लागत नव्हते. १९२१ मध्ये तो दीड शिलिंगाच्या खाली आला. पौंडाला तेरा रुपयांहून अधिक मोजावे लागू लागले. इथून तेवढेच रुपये निघाले, तरी तिथे विद्यार्थ्याच्या हातात पडणारे पौंड पार आटले. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी प्रबंध लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो १९२३ मध्ये लंडनमध्ये छापला गेला, आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी याच विषयावर साक्ष दिली. विनिमयाचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातल्या वस्तूंचे भाव स्थिर राहणं सामान्य माणसाच्या हिताचं, असं त्यांचं म्हणणं होतं. परदेशी चलनाचा हिशेब हा फक्त पेढीवाल्यांचा विषय नाही, गरिबाच्या घरातला विषय आहे, हे मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वी एका मराठी विद्यार्थ्यानेच दाखवून दिलं आहे. ते पुस्तक माझ्या टेबलावर असतं, आणि या पुस्तिकेचं काम करताना ते मी पुन्हा पुन्हा उघडलं.

पुढच्या काळात बंधनं इतकी आवळली गेली की साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या मराठी मंडळींच्या आठवणींत 'खिशात आठ डॉलर' हे शब्द हटकून येतात. १९७३ चा फेरा कायदा परकीय चलनाकडे गुन्ह्याच्या नजरेने बघायचा. जून २००० मध्ये फेमा आला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर पाठवायची मोकळीक दिली. तिलाच एलआरएस म्हणतात. २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा तोपर्यंत दोन लाखांवर गेलेली मर्यादा ७५,००० वर आणली गेली होती. आज ती माणशी दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आपल्या भागातल्या कुठल्याही पालकाला ती पुरून उरते. त्यामुळे अडचण आता परवानगीची राहिलेली नाही, अडचण समजण्याची आहे.

आणि ती खरोखर मोठी आहे, कारण आता परदेशी जाणारं पोर डॉक्टर-वकिलाच्या घरातलंच असतं असं नाही. कापूस, मका आणि मोसंबीवर चालणाऱ्या घरांतून मुलं-मुली जर्मनीला, आयर्लंडला, रशिया-किर्गिझस्तानात वैद्यकीय शिक्षणाला जातात. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचा खर्च आधीच ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२. युरोमागे एक रुपया भाव कमी मिळाला तर या एकाच व्यवहारात ११,९०४ रुपये वाचतात. रशियात शिकणाऱ्यांच्या पालकांनी २०२२ मध्ये वेगळंच भोगलं. युद्धानंतर काही रशियन बँका स्विफ्टमधून बाहेर काढल्या गेल्या, आणि इथे पैसे तयार असून पाठवायचे कसे हा प्रश्न पडला. त्यावरचं प्रकरण लांबलं आहे, पण मी ते मुद्दाम छाटलं नाही.

टीसीएसबद्दल इथेच थोडं जास्त लिहितो, कारण शेतकरी कुटुंबाचं नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं. एका आर्थिक वर्षात ठराविक रकमेपेक्षा जास्त पाठवलं की बँक वरच्या रकमेवर कर गोळा करून सरकारजमा करते. ऑक्टोबर २०२० मध्ये हे सुरू झालं, तेव्हा मर्यादा सात लाख होती. १ एप्रिल २०२५ पासून ती दहा लाख झाली. शिक्षण आणि उपचाराचा दर कमी, इतर कारणांचा ऑक्टोबर २०२३ पासून थेट २० टक्के. वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशावर मात्र एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही. हा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून पाठवण्याआधी त्या वर्षाचा दर विचारावा. समजा २०२५-२६ मध्ये एका बापाने स्वतःच्या बचतीतून मुलाच्या फीसाठी अठरा लाख पाठवले. वरच्या आठ लाखांवर पाच टक्क्यांनी ४०,००० रुपये गेले. हा खर्च नव्हे. आपल्या पॅनवर सरकारकडे जमा असलेला आपलाच पैसा आहे, आणि विवरणपत्र भरलं की हिशेब होऊन परत येतो. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आपल्याकडे कितीतरी घरांत विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. चाळीस हजार तसेच पडून राहतात आणि घरात ते बुडाले असं समजलं जातं. आई-वडील दोघांची खाती, दोघांचे पॅन आणि दोघांचे स्वतःचे पैसे असतील तर मर्यादाही दोघांना वेगवेगळी मिळते. मुलाच्या प्रवेशाची तयारी सुरू झाली की आईचं पॅन आणि खातं आधी नीट करून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. परदेशातली मुलं आपसात एक युक्ती करतात. एकाच्या वडिलांनी पाचोऱ्यात दुसऱ्याच्या वडिलांच्या खात्यात रुपये भरायचे, आणि दुसऱ्याने तिथे पहिल्याला युरो द्यायचे. दर मधला, चार्ज शून्य, दोघं खूश. जुन्या हुंडीसारखं सरळ वाटतं. पण फेमाखाली हे बेकायदा आहे. शिवाय समोरच्याच्या खात्यातून आलेला पैसा कुठल्या फसवणुकीतला निघाला, तर आपलं खातं गोठतं आणि चौकशीला सामोरं आपणच जातो. तीन टक्के वाचवायला पोराचं भविष्य पणाला लावू नका. कायद्याच्या आत राहूनही त्यातला बराचसा खर्च वाचतो, आणि पुस्तिकेचा मोठा भाग त्यावरच आहे.

पैसा उलट दिशेनेही येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळच्याही वर निघाला. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: तिथल्या कंपनीची फी नव्हे, इथे पोचणारे रुपये मोजायचे, आणि नोकरीसाठी बाहेर गेल्यावर इथलं जुनं बचत खातं तसंच चालू न ठेवता एनआरओ करून घ्यायचं, परदेशी कमाईसाठी एनआरई वेगळं. बाकी तपशील त्या प्रकरणात आहे.

कार्डाचा विषय पुस्तिकेत दोनच पानांत आटोपला आहे. परदेशात मशीन 'रुपयांत देता की युरोत?' असं विचारतं, तेव्हा युरो निवडायचं. रुपये निवडले की दर तिथला दुकानदार आणि त्याची बँक ठरवतात, आणि तो आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. परदेशी शेअर, गुंतवणूक, घरखरेदी यांना मी हातच लावलेला नाही.

पुस्तिकेतले सगळे कागद खरे आहेत. नावं, खाती, बँका खोडल्या आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे केले आहेत. ते देणाऱ्या पालकांचा मी ऋणी आहे. स्वतःची फसगत झालेला कागद दुसऱ्याला दाखवायला मन मोठं लागतं.

ज्यांच्या कागदापासून हे सुरू झालं, त्यांनी पुढचा हप्ता जानेवारीत पाठवला. आदल्या दिवशी तीन ठिकाणचे दर वहीत लिहून आणले, शाखेत साहेबांसमोर ती वही उघडली, वरून फोन लावायला सांगितला. कार्ड रेटपेक्षा युरोमागे साठ पैसे कमी झाले, म्हणजे ३,००० रुपये. खर्चाच्या चौकटीत स्वतःच्या हाताने ओयूआर लिहिलं. पाचव्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला. मागे मुलगी दुसऱ्या फोनवर बोलत असल्याचा आवाज येत होता. ते एवढंच म्हणाले, "पाच हजार. पुरे पाच हजार."

पाचोरा, आखाजी